छायाचित्रातील विषम संख्या
(समाजाच्या वार्षिक संमेलनात तेर येथे दिलेले व्याख्यान)



या संमेलनानिमित्त आपल्या समाजातील तरुण मंडळींनी काढलेल्या छायाचित्रांचे एक छोटेखानी प्रदर्शन शेजारच्या दालनात मांडलेले आहे. त्याच्या अनुषंगाने छायाचित्रणाविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी मला केली. विषय तसा अफाट आहे. भिंग, प्रकाश, छाया, रंग यांपैकी कशाविषयीही तासभर बोलता येईल. परंतु कॅमेरा आता घरोघरी, किंबहुना प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला आहे. प्रकाशाचे मोजमाप आणि भिंगाची जुळणी ही कामे यंत्र परस्पर उरकून टाकते. चौकटीत काय घ्यावे, किती घ्यावे आणि कोठे ठेवावे, हा विवेक मात्र अजून माणसालाच करावा लागतो. त्यातील ‘किती घ्यावे’ एवढ्याच प्रश्नापुरते मी आज बोलणार आहे.

चित्रकार आणि छायाचित्रकार यांच्यात एक नियम परंपरेने चालत आला आहे. चित्रातील मुख्य वस्तूंची अथवा व्यक्तींची संख्या विषम असावी; म्हणजे एक, तीन, पाच किंवा सात. दोन, चार, सहा अशी सम संख्या शक्यतो टाळावी. नियम ऐकावयास सोपा आहे, पण त्याचे कारण समजून घेतल्याखेरीज तो पाळण्यात अर्थ नाही. कारण न कळता पाळलेला नियम हा केवळ सोवळेपणा ठरतो.

आपण कुंभार, तेव्हा उदाहरण आपल्याच अंगणातले घेऊ. एकाच घडणीचे दोन माठ शेजारी शेजारी मांडा आणि त्यांच्याकडे पाहा. नजर या माठावरून त्या माठावर जाते आणि पुन्हा परत येते. तराजूची दोन पारडी पाहावीत तशी ती दोहोंची तुलना करू लागते. चित्राचे सरळ दोन भाग होतात आणि चित्राचा नेमका मध्य जेथे असतो तेथे काहीच नसते, रिकामी जागा असते. चार माठ मांडले तरी फार फरक पडत नाही. डोळा लगेच त्यांच्या दोन जोड्या लावतो आणि हिशेब पुरा झाला म्हणून थांबतो. आता तीन माठ मांडा. दोघांची जोडी लागली, तरी एक उरतोच. त्या उरलेल्याला कोठे बसवावे, याचा शोध नजर घेत राहते. तिघांमधून फिरताना ती एक त्रिकोण आखते आणि त्या त्रिकोणात चित्राला आधार मिळतो. शिवाय मधली जागा आता रिकामी राहत नाही. तेथे एक वस्तू येते आणि तिच्या दोन्ही अंगांना सोबत मिळते. विषम संख्येचे सामर्थ्य या उरलेल्या एकात आहे. तो जोडी मोडतो, म्हणून चित्र हलते राहते; आणि तोच मध्य सांभाळतो, म्हणून चित्र विस्कटत नाही.

हा नियम पाश्चात्त्यांकडून आला, असे कोणी समजू नये. आपल्या आयाबहिणींना तो पूर्वापार ठाऊक आहे. संक्रांतीला आपल्या घरातून गावभर जाणारी सुगडे पुजताना पाचाची मांडणी करतात. गणपतीला मोदक एकवीस, दूर्वा एकवीस. आहेराच्या पाकिटात अकरा, एक्कावन्न किंवा एकशे एक. वरचा तो एक रुपया कशासाठी, असे विचारले तर म्हातारी माणसे सांगतात की पूर्ण आकडा म्हणजे व्यवहार संपला. एक वर असला म्हणजे देणे-घेणे पुढे चालू राहते. चित्राच्या बाबतीत नेमके हेच म्हणता येईल. सम संख्येत पाहणे संपते, विषम संख्येत ते चालू राहते.

असे असूनही छायाचित्राच्या बाबतीत आपल्याकडे एक विपरीत समजूत रुजून बसली. ‘तीन तिघाडा काम बिघाडा’ ही म्हण सर्वांना माहीत आहे. तिच्याच जोडीने तिघांनी मिळून छायाचित्र काढू नये, काढल्यास मधल्याचे आयुष्य सरते, अशी भीती अनेक घरांत होती आणि काही ठिकाणी ती आजही आहे. तिघे भाऊ उभे राहिले की शेजारचे एखादे पोर ओढून आणावयाचे आणि चार करावयाचे! ही समजूत केवळ आपलीच नव्हे. युरोपातही ती होती. तिला कसलाही आधार नाही, हे निराळे सांगावयास नको. परंतु गंमत अशी की, ज्या हाताने आपण शुभ म्हणून एकशे एक रुपये देतो, त्याच हाताने तिघांपैकी एकाला चित्रातून दूर सारतो. तरुणांनी ही भीती घरातून काढून टाकावी. तीन माणसे ही छायाचित्राला सर्वांत अनुकूल अशी संख्या आहे.

आता या नियमाची काही थोर उदाहरणे पाहू. सारनाथच्या अशोकस्तंभावर पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह आहेत. २६ जानेवारी १९५० रोजी ते आपले राष्ट्रचिन्ह म्हणून स्वीकारले गेले. पण समोरून पाहिले असता दिसतात ते तीनच. चौथा मागे आहे, हे आपण जाणतो. डोळ्यांना मात्र मधला सिंह आणि त्याच्या दोन बाजूंचे दोन, एवढेच पुरते. नाण्यावरील ते चिन्ह इतके ठाम का वाटते, याचे एक कारण हेही आहे. इटलीत मिलान येथे लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे भित्तिचित्र काढले. शिष्य बारा, म्हणजे सम संख्या. लिओनार्दोने त्यांचे तीन-तीनांचे चार गट केले, दोन गट एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला बसविले, आणि मधोमध ख्रिस्ताला एकटे ठेवले. तेरा माणसांचा गोंधळ होऊ न देता पाच पुंजके साधले. अमृता शेरगिल यांनी १९३५ साली रंगविलेले ‘तीन मुली’ हे चित्रही आठवावे. जपानी लोक फुलांची रचना करतात, तीत आकाश, मनुष्य आणि पृथ्वी यांच्या तीन मुख्य रेषा असतात.

आणि इतके दूर तरी कशाला जावे? आपण ज्या भूमीत आज जमलो आहोत ते तेर म्हणजे प्राचीन तगर. रोमन जगाशी या गावाचा व्यापार होता. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. मधोमध मोठी स्त्री आणि तिच्या दोन बाजूंना दोन लहान सेविका, अशी तिची घडण आहे. तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती याच तेर गावी मिळालेली आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले येथील वस्तुसंग्रहालय आपण सर्वांनी पाहावे. आपल्या पूर्वजांनी मातीत घडविलेल्या वस्तूही तेथे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरालाही मधली आणि तिच्या दोघी सोबतिणी यांचे मर्म कळले होते, हे पॉम्पेईच्या त्या मूर्तीवरून ध्यानात येते.

येथे एक शंका निघेल. तीन आणि पाच ठीक. परंतु सत्तावीस माणसे असली तर ती विषम म्हणून चित्र चांगले आणि अठ्ठावीस झाली म्हणजे बिघडले, असे समजावयाचे काय? मुळीच नाही. इंग्लंडमधील जेव्हन्स नावाच्या विद्वानाने १८७१ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तो पेटीत घेवड्याच्या बिया टाकी आणि एका दृष्टिक्षेपात त्यांची संख्या सांगे. तीन-चार बियांपर्यंत त्याची चूक होत नसे; पाचापासून चुका सुरू होत आणि संख्या वाढेल तशा त्या वाढत. याचा अर्थ असा की डोळा मोजल्याशिवाय ओळखतो ते चार-पाचांपर्यंतच. त्यापुढे तो माणसे पाहत नाही, पुंजके पाहतो. म्हणून मोठ्या समूहाच्या चित्रात माणसांची गणती महत्त्वाची नसते. पुंजके किती झाले, हे पाहावे. अठ्ठावीस माणसांचे तीन पुंजके झाले, तर नियम पाळला गेला. आणि तीनच माणसे सारख्या अंतरावर, सारख्या उंचीने, खांबासारखी उभी केली, तर संख्या विषम असूनही चित्र निर्जीव होते.

तेव्हा संख्येइतकीच मांडणीही ध्यानात घेतली पाहिजे. तीन माठ मांडावयाचे तर ते एका रेषेत ठेवू नयेत. एक मोठा रांजण, एक मध्यम घागर आणि एक लहान बोळके घ्यावे. दोघांना जवळ आणून एकाची कड दुसऱ्याच्या आड जाऊ द्यावी. तिसरे थोडे दूर, पण तोडलेले वाटणार नाही इतपत जवळ ठेवावे. तिघांच्या माथ्यांतून कल्पनेने रेघ ओढली, तर ती सपाट न येता त्रिकोणी आली पाहिजे. माणसांचेही तसेच. एक बसलेला, एक उभा, एक किंचित वाकलेला. दोघांची नजर कामावर आणि एकाची कॅमेऱ्याकडे. मस्तके एका पातळीत येऊ देऊ नयेत. पाचजण असल्यास तीन आणि दोन असे बसवावेत आणि त्या दोहोंत सारखे अंतर ठेवू नये.

आपला व्यवसाय तर या दृष्टीने फार भाग्यवान आहे. चाकावर बसलेल्या कुंभाराचे चित्र घ्या. त्याचा चेहरा, त्याचे ओले हात आणि उमलत जाणारे मडके, ही तीन स्थाने आपोआप त्रिकोणात येतात. थापटण्याच्या कामातही तेच. बाहेरून चालणारे लाकडी थापटणे, मडक्याच्या आतून धरलेला हात आणि कान देऊन ऐकणारी मुद्रा. ही तीन स्थाने चौकटीत ठेवून बाकीचा पसारा बाहेर काढला, की साध्या खिशातल्या यंत्रानेही उत्तम चित्र मिळते. आवा रचताना मात्र शेकडो भांडी समोर असतात. तेथे सगळा ढीग घेण्यापेक्षा रचणारे दोन हात आणि कडेची तीन मडकी घेतली, तर आव्याचे मोठेपण अधिक कळते.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात या नियमाचा अभ्यास करण्यास उत्तम स्थळे आहेत. तुळजापुरी गोंधळ्यांचे चित्र काढावयाचे असल्यास संबळ, तुणतुणे आणि दिवटी या तिहींना धरून चौकट बांधावी. सगळा मेळा घेण्याच्या हव्यासात तिन्हीही हरवतात. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या काळात १६१३ साली बंधारा आणि पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात तेथे दोन धारा कोसळतात आणि लोक त्यांना नर-मादी असे म्हणतात. दोन्ही धारा सारख्या घेतल्या की चित्र दुभंगते, कोणती पाहावी हे नजरेला कळत नाही. म्हणून थोडे बाजूला सरकून एक धार मोठी आणि एक लहान दिसेल असे उभे राहावे आणि पुढे सुरक्षित जागी पाहात थांबलेले एखादे माणूस चौकटीत येऊ द्यावे. दोन धारा आणि त्यांच्याकडे पाहणारा तिसरा, अशी ती जोडी मग त्रिकोणात बसते.

आपले कुलभूषण संत गोरोबाकाका यांची समाधी याच गावी आहे. संतांच्या मेळ्यात काकांनी हाती थापटणे घेऊन एकेकाचे मस्तक तपासले आणि नामदेवांना कच्चे ठरविले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. एखाद्या तरुणाने हा प्रसंग नाट्यरूपाने उभा करून त्याचे छायाचित्र घ्यावयाचे ठरविले, तर काय करावे? मंचावर सात-आठ संत असतील. सर्वांना ओळीत बसवून थापटणे फिरविले तर ती हजेरी होईल. पुढे तिघेच असावेत: थापटणे धरलेले काका, रुसलेले नामदेव आणि हे सारे आरंभणारी चिमुरडी मुक्ताई. बाकीचे संत मागे एका सावलीच्या पुंजक्यात ठेवावेत. पारखणारा, पारखला जाणारा आणि पारख घडवून आणणारी, असे तीन कोन मिळाले की कथा शब्दांवाचून कळते.

नियमाला अपवादही आहेत. नवरा-नवरीच्या चित्रात तिसरा माणूस कोणी घालीत नाही, घालूही नये. तेथे जोडी हाच विषय आहे. तरीही दोघांच्या मधला अंतरपाट, हातातील हार किंवा पुढे ठेवलेला कलश हा तिसरा बिंदू होऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा बेटावर जो रोझेन्थाल यांनी १९४५ साली घेतलेले ध्वज उभारणाऱ्या सैनिकांचे छायाचित्र जगभर गाजले. त्यात सैनिक सहा आहेत. परंतु ते सहा जण मिळून एकच आकार होतो आणि तिरका ध्वजदंड त्याला दिशा देतो. म्हणजे येथेही डोळ्याने सहा मोजले नाहीत, एक पाहिला.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय मुद्दाम निवडला, तिकडे वळतो. अशा स्मरणिकांत छापली जाणारी समूहचित्रे आपण पाहतोच. पुढे खुर्च्या, त्यांवर पदाधिकारी, मधोमध अध्यक्ष, मागे उभी रांग. या पद्धतीलाही इतिहास आहे. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात असताना सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्यासारख्यांनी दरबारी समूहांची भव्य चित्रे घेतली. जुन्या काळच्या काचेवर चित्र उमटण्यास बराच वेळ लागे. माणूस हलला की पुसट येई. म्हणून सर्वांना बसवून, आधार देऊन, सरळ रांगेत स्थिर करीत. ते कारण आता उरले नाही. रांग मात्र उरली. मोठा समूह असल्यास सर्वांना किंचित चंद्रकोरीसारखे वळण देऊन उभे करावे, म्हणजे कडेची माणसेही भिंगापासून सारख्या अंतरावर येतात. छिद्र ‘एफ आठ’च्या आसपास ठेवावे, म्हणजे मागची रांगही स्पष्ट येते. आणि एकसंध भिंत न करता तीन किंवा पाच पुंजके करावेत.

परंतु पुंजके करताना एक पथ्य पाळलेच पाहिजे. विषम संख्या साधावी म्हणून कोणालाही वगळू नये. हे मी केवळ तोंडदेखले सांगत नाही. लग्नघरात पाच सुवासिनींचे चित्र काढावयाचे म्हणून सहावी, जिचे कुंकू पुसले गेले आहे ती बहीण, आपण होऊन बाजूला होते आणि तिला कोणी थांबवीत नाही. चित्र सुरेख येते, संख्या विषम येते, आणि ती कायमची चौकटीबाहेर राहते. पन्नास वर्षांनी नातवंडे ते चित्र पाहतील तेव्हा ती या घरात होती, हेही त्यांना कळणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरविण्यास सांगितले. ठरावाला जे साधावयाचे आहे, त्याचा आरंभ छायाचित्रकार एका शब्दाने करू शकतो. त्याने म्हणावे, “मावशी, तुम्ही मध्ये या.” सहा जणी झाल्या तर होऊ द्याव्यात. तिघींना एकत्र बसवावे, दोघींना किंचित मागे ठेवावे आणि मावशींना मध्यावर एकट्या बसवावे. तीन पुंजके झाले, नियम राहिला आणि माणूसही राहिले.

तीच गोष्ट आपल्या व्यवसायातील स्त्रियांची. माती आणणे, चाळणे, मळणे, भांडी उन्हात फिरविणे, रंग देणे, बाजारात नेणे, ही निम्म्याहून अधिक कामे त्यांची. आणि चित्र मात्र चाकावरच्या एकट्या पुरुषाचे. त्याच्या शेजारी माती मळणारी पत्नी आणि सुगडे उचलून ठेवणारी मुलगी यांना घ्या. त्रिकोण आपोआप जमतो, आणि चित्रही खरे होते.

म्हणून माझी तरुणांना विनंती आहे. आजपासून एक वर्षात प्रत्येकाने आपल्या गावातील एका तरी वृद्ध कारागिराचे काम टिपावे. परांडा, भूम, कळंब, वाशी, तुळजापूर, उमरगा, लोहारा आणि धाराशिव, आठही तालुक्यांतून ही चित्रे यावीत. माती खणण्यापासून आवा उघडण्यापर्यंतची कामे क्रमाने टिपावीत आणि प्रत्येक चित्राखाली गाव, तारीख आणि चित्रातील सर्वांची नावे लिहावीत, ‘सौ. अमुक’ एवढ्यावर न थांबता स्त्रियांची स्वतःची नावे लिहावीत. हातचाक आता थोड्याच घरांत फिरते. ते थांबल्यावर आपल्याजवळ उरतील ती ही चित्रेच.

मराठीत ‘विषम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक संख्येचा, दुसरा ज्यातून विषमता हा शब्द आला तो. छायाचित्रात पहिला अर्थ अवश्य घ्यावा. दुसऱ्याला चौकटीत शिरू देऊ नये. गोरोबाकाकांच्या गावी याहून निराळे काही सांगणे मला उचित वाटत नाही.